सही आमची, हिशेब कुणाचा?

(कंधार इथे तालुक्यातील महिला मंडळं, बचत गट आणि ग्रामपंचायत सदस्या यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषयाचं नाव फार जड आहे. 'परदेशी अर्थसाहाय्याचे विकास प्रकल्प आणि शासनाची पारदर्शकता.' फलकावर ते वाचून माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींनी मला विचारलं, "बाई, ह्यात आमचं काय काम?" त्यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. कारण हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच मनात असतो, आणि तो तसाच राहावा अशी अनेकांची सोय असते.

मी आधी एका बाईची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, योजनेचं नाव सांगत नाही, कारण बाईला त्रास नको. आपण तिला आक्का म्हणू. आक्काच्या गावात परदेशी कर्जातून पाणीपुरवठ्याची योजना आली. समितीत निम्म्या बायका पाहिजेत असा नियम होता. आक्का बचत गटात होती, तिला सही करता येत होती, म्हणून तिला कोषाध्यक्ष केलं. ही सही तिला आमच्याच कार्यकर्त्यांनी शिकवली होती. पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मी तेव्हा या कामात नव्हते, पण जुन्या सहकारी ती आठवण अजून सांगतात.

आक्काचं घर दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं. सहा महिने गावात कुणी नाही. मग बँकेचं काम अडू नये म्हणून जाण्याआधी तिच्याकडून कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या जायच्या. "आक्का, उगं काम थांबायला नको," म्हणून सांगायचे. ती करायची. गावचीच माणसं, नात्यातलीच माणसं. नाही कसं म्हणायचं?

पुढे टाकी बांधली गेली, पाइप अर्ध्या गावापर्यंत आले, आणि काम थांबलं. बऱ्याच वर्षांनी आक्काच्या नावानं नोटीस आली. योजनेच्या खर्चाचा ताळमेळ लागत नाही, सबब समितीच्या पदाधिकाऱ्यांकडून रक्कम वसूल का करू नये, याचा खुलासा करावा. आक्का ती नोटीस पदराखाली घेऊन माझ्याकडे आली. तिनं मला एवढंच विचारलं, "ताई, मी काय खाल्लं गं?"

मैत्रिणींनो, त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. परदेशी पैशात आपलं काय काम? तर आपली सही असते. पैसा परदेशातून येतो, दिल्लीतून येतो, मुंबईतून येतो, आणि शेवटी कागदावर सही असते ती ऊसतोड करणाऱ्या बाईची.

आता हा पैसा येतो कसा ते समजून घेऊ. आपल्याकडे लोक म्हणतात, 'जागतिक बँकेनं गावाला पैसे दिले.' हे बरोबर नाही. जागतिक बँक गावाला पैसे देत नाही आणि बहुतेक वेळा फुकट तर मुळीच देत नाही. ती भारत सरकारला कर्ज देते. करारावर केंद्र सरकारच्या वित्त मंत्रालयातला आर्थिक व्यवहार विभाग सही करतो. मग केंद्राकडून तो पैसा राज्याकडे येतो. आणि यातही साधारणपणे राज्य सरकार आधी स्वतःच्या अंदाजपत्रकातून खर्च करतं, त्या खर्चाचे हिशेब दाखवून मग बँकेकडून भरपाई मागतं. २००५ पासून आपल्यासारख्या राज्यांना हे कर्ज ज्या अटींवर आलं त्याच अटींवर पुढे दिलं जातं. म्हणजे रुपयाची किंमत डॉलरपुढे घसरली तर वाढीव बोजा राज्याच्या तिजोरीवर. तिजोरी म्हणजे कोण? तुम्ही काडेपेटी घेता, साबण घेता, त्यावर कर भरता, ती तिजोरी.

म्हणून 'मदत' हा शब्द जपून वापरायचा. मदत म्हटलं की माणूस मान खाली घालतो. कर्ज म्हटलं की हिशेब विचारतो. आपण बचत गटात शंभर रुपयाचं कर्ज दिलं तरी वहीत लिहितो, कुणी घेतलं, कशासाठी, व्याज किती, फेड कधी. तोच प्रश्न सरकारला विचारायचा आहे. वेगळं काही नाही.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. मी पाच वर्षांची होते. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. इथं आपल्याकडे भांडी वाजली, लोक बाहेर पळाले. पण किल्लारीला, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतल्या गावांत दगडमातीच्या भिंती झोपलेल्या लेकरांच्या अंगावर आल्या. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या पुनर्वसनासाठी १९९४ मध्ये जागतिक बँकेकडून २४ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज घेतलं गेलं. सवलतीचं कर्ज होतं. पण अशा कर्जाची फेड तीन-साडेतीन दशकं चालते. भूकंपाच्या वर्षी जन्मलेली मुलगी आज दोन लेकरांची आई असेल. तिच्या नावानं घेतलेलं ते कर्ज तिच्याच आयुष्यभर फिटत राहिलं.

त्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त पडझड झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं मिळणार हे कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, त्याहून जास्त, सात हेक्टरपर्यंत, जमीन असलेल्यांना साडेचारशे, आणि सात हेक्टरच्या वर असलेल्यांना साडेसातशे. आता विचार करा. सातबारावर नाव कुणाचं असतं? नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं. घर पडलं तेव्हा बाईचंही पडलं. चूल तिची गेली, उतरंड तिची गेली. पण नवं घर मोजताना फूटपट्टी लावली ती सातबाऱ्याला. परदेशी पैशाचे नियम कोण ठरवतं, कुठे बसून ठरवतं, त्यात बायकांना विचारतात का, हे प्रश्न म्हणून महत्त्वाचे. नियम आपल्याला कळायच्या आधीच कागद पक्के झालेले असतात.

त्याच कार्यक्रमात एक चांगली गोष्टही घडली, ती सांगितली पाहिजे. जिथे घरं पूर्ण पडली नव्हती, दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं, अशा शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमलं गेलं. स्वयम् शिक्षण प्रयोग आणि प्रेमा गोपालन यांनी त्या कामाला दिशा दिली. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. काम काय होतं? कुणाला किती रक्कम मंजूर आहे, हप्ता कधी मिळणार, कोणत्या टप्प्याचं काम झाल्यावर मिळणार, भूकंपाला टिकणारं बांधकाम कसं असतं, हे बायकांनी बायकांना सांगायचं. यादी गावात सगळ्यांसमोर. माहिती बायकांच्या हातात आली तशा त्या इंजिनिअरला विचारू लागल्या, कोपऱ्यात सळई का नाही, सिमेंट कमी का. पदर डोक्यावरून ढळू न देणाऱ्या बायका भिंतीवर चढून काम बघायला लागल्या. त्यासाठी कुणी त्यांना बंडखोरीचे धडे दिले नव्हते. त्यांना यादी दिली होती. एवढंच.

पारदर्शकता म्हणजे काय, याचा याहून सोपा अर्थ मला सांगता येत नाही. यादी आपल्या हातात.

दुसरं उदाहरण नर्मदेचं. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. कुणाची गावं बुडणार, त्यांचं काय होणार, हे गावांना नीट सांगितलंच गेलं नव्हतं. आपल्या महाराष्ट्रातलं मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातलं आदिवासी गाव त्या लढ्यात पुढे होतं, आणि तिथल्या बायका पुढे होत्या. लढ्याच्या दबावामुळे बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या त्या समितीनं १९९२ मध्ये सांगितलं की प्रकल्प सदोष आहे, लोकांचं पुनर्वसन या पद्धतीनं होणार नाही. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नाकारलं. आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला बँकेनं स्वतःवर देखरेख करणारं 'इन्स्पेक्शन पॅनेल' स्थापन करण्याचा ठराव केला. बँकेच्या पैशानं नुकसान झालं तर बाधित लोक थेट तिथे तक्रार करू शकतात. म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्या आठच दिवस आधी जगातल्या लोकांना हा दरवाजा मिळाला, आणि तो उघडायला नर्मदाकाठच्या लोकांनी धक्का दिला होता. धरण मात्र पुढे राज्यांच्या पैशानं झालंच. म्हणून नुसता परदेशी पैसा गेला म्हणजे न्याय मिळतो, असं समजू नका. मुंबईत २००४ मध्ये रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पात विस्थापित झालेल्यांनी याच पॅनेलकडे तक्रार केली. २००६ मध्ये बँकेनं त्या कामाचा पैसा काही महिने थांबवला. माहिती होती म्हणून तक्रार करता आली.

आता तुम्ही म्हणाल, ते झालं मोठ्या धरणाचं. आपल्या गावात काय? आपल्या गावातही आहे. २००३ पासून 'जलस्वराज्य' आलं, राज्याच्या २६ जिल्ह्यांत. त्यात गावानं दहा टक्के लोकवर्गणी भरायची होती, ग्राम पाणीपुरवठा समितीबरोबर महिला विकास समिती आणि सामाजिक लेखापरीक्षण समिती असायची होती. २००७ पासून 'तेजस्विनी'. त्यात आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचं कर्ज, आणि राबवलं महिला आर्थिक विकास महामंडळानं, म्हणजे आपल्या 'माविम'नं. बचत गटातल्या किती जणींना माहीत होतं की यात परदेशी कर्ज आहे? २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे 'पोकरा' म्हणतात. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात. सुमारे चार हजार कोटींचा प्रकल्प, त्यातला जवळपास सत्तर टक्के वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा. शेततळं, ठिबक, फळबाग, अनुदान थेट खात्यात. खात्यात पैसा येतो हे चांगलंच, मधल्याचा हात कमी होतो. पण अर्जाला पुन्हा सातबारा लागतो. शेतात राबणारी बाई, आणि अर्जदार दुसराच.

कागदावर या योजनांत बाई सगळीकडे आहे. समितीत निम्मी, गटात पूर्ण, फोटोत पहिल्या रांगेत. बँकेचं पथक पाहणीला येतं तेव्हा आपल्यालाच कळशा घेऊन उभं करतात, ओवाळायला लावतात, गाणं म्हणायला लावतात. पाहुण्यांनी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाचं मराठी कोण करतं? साहेब. आपल्या मराठी उत्तराचं इंग्रजी कोण करतं? तेच साहेब. आपण काय बोललो ते शेवटी अहवालात काय छापलं गेलं, हे आपल्याला कधी कळलं?

ते अहवाल गुप्त नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. जुलै २०१० पासून जागतिक बँकेचं धोरण असं आहे की काही अपवाद सोडले तर कागद खुले. प्रकल्प कसा ठरला, किती खर्च झाला, शेवटी काय साधलं, हे सारं प्रसिद्ध होतं. पण इंग्रजीत, शेकडो पानांत. बँकेच्या दारात उघडं, गावच्या चावडीवर बंद. आपल्या राज्याचा राजभाषा कायदा १९६४ चा आहे. सरकारचं काम मराठीत चाललं पाहिजे असं तो म्हणतो. मग आमच्या गावाच्या नावानं काढलेल्या कर्जाचा करार मराठीत दोन पानांचा तरी का नको? ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

आता आक्काकडे परत येऊ. तिची नोटीस आली तेव्हा आम्ही काय केलं? रडून झाल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज केला. २००५ चा कायदा. साध्या कागदावर, मराठीत, दीडशे शब्दांत, एका अर्जात एकच विषय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नको. आम्ही मागितलं: योजनेचं अंदाजपत्रक, बँक खात्याचा उतारा, रोकडवही, ठेकेदाराची बिलं आणि मोजमाप पुस्तिका. तीस दिवसांत उत्तर यायला हवं होतं, आलं नाही. पहिलं अपील केलं, त्याला वीस रुपये. सुनावणीला आक्का स्वतः आली. बाहेर बसून थरथरत होती. आत गेल्यावर मात्र म्हणाली, "साहेब, सही माझी हाय. पण कागद मी कवाच बघितला नाही. तो मला दाखवा."

कागद मिळाले. खात्याच्या उताऱ्यात मोठ्या रकमेचे तीन चेक वटले होते ते पौष आणि माघात. तेव्हा आक्का दोन जिल्हे पलीकडे फडात मोळ्या बांधत होती. मुकादमाच्या वहीत उचल आणि हजेरी होती, ती आम्ही जोडली. मोजमाप पुस्तिकेत गावाच्या पलीकडच्या वस्तीपर्यंतचा पाइप मोजलेला होता. त्या वस्तीत आजही बायका हापशावर रांग लावतात. खुलासा दिला, वसुली तूर्त थांबली. गुन्हा कुणावर दाखल झाला का? नाही. टाकीत पाणी आलं का? नाही. मी तुम्हाला विजयाची गोष्ट सांगायला आलेली नाही. पण आक्का आता रात्री झोपते, आणि कोणत्याही कागदावर वाचून घेतल्याशिवाय सही करत नाही. गावात तिला 'लई कायद्याची झाली' म्हणतात. म्हणू देत.

एक गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपल्या संस्था, आपली मंडळं, यांनाही कधी परदेशी निधी येतो. त्याच्यासाठी सरकारचा कडक कायदा आहे. २०१० चा कायदा, त्यात २०२० मध्ये दुरुस्ती. परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरवायचा, एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, कार्यालयावर वीस टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही. छोट्या संस्थांची त्यात फार ओढाताण झाली. आपण म्हणू शकतो की आमच्या पैपैचा हिशेब घेता, मग कोट्यवधींच्या कर्जाचा हिशेब गावाला का देत नाही? जरूर म्हणावं. पण म्हणण्याआधी आपल्या गटाची वही उघडी आहे का, हे बघावं. अध्यक्षाबाईच्या ट्रंकेत ती कुलूपबंद असेल, तर आपलं बोलणं लंगडं पडेल. आणि आम्ही शिकलेल्या कार्यकर्त्यांनीही एक कबूल केलं पाहिजे. आम्ही आक्काला सही शिकवली, पासबुक वाचायला शिकवलं नाही. साक्षरतेचा आकडा आमच्या अहवालात गेला. नोटीस तिच्या घरी गेली.

मग करायचं काय? मी चार गोष्टी सांगते, घरी जाऊन मंडळात बोला.

पहिली गोष्ट. गावात कोणतीही योजना आली की विचारायचं: पैसा कुणाचा? राज्याचा, केंद्राचा, की परदेशी कर्ज? किती, किती वर्षांसाठी, आपल्या गावाच्या वाट्याला किती? उत्तर तोंडी नको, कागदावर पाहिजे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की अनुदानाच्या कार्यक्रमाची रक्कम आणि लाभार्थींचा तपशील कार्यालयानं न मागता जाहीर करायचा, आणि स्थानिक भाषेचा विचार करायचा. म्हणून आपण उपकार मागत नाही.

दुसरी गोष्ट. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती कागदावर होते, हजेरीच्या सह्या घरोघर फिरवून होतात. ती खरोखर भरवा. तिथे खर्चाचं वाचन मागा आणि ठराव लिहून घ्या. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंचबाईंच्या शेजारी त्यांचे यजमान बसत असतील, तर त्यांना नम्रपणे सांगा, "भाऊजी, आज आम्हाला वहिनींशी बोलायचंय."

तिसरी गोष्ट. काम चालू असताना बघायचं, झाल्यावर नाही. कायद्यानं आपल्याला कामाची पाहणी करता येते, मालाचा नमुनाही मागता येतो. बांधकामावर मजुरीला आपणच जातो. वाळू-सिमेंटचं प्रमाण आपल्याइतकं कुणाला माहीत?

चौथी गोष्ट, आणि ही सगळ्यात अवघड. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही. सासऱ्यानं सांगितलं तरी नाही, सरपंचानं सांगितलं तरी नाही, आणि आम्ही संस्थेच्या ताईंनी सांगितलं तरी नाही. ऊसतोडीला जायचं असेल तर समितीत लेखी द्यायचं की या तारखेपासून या तारखेपर्यंत मी गावात नाही, माझ्या सहीनं व्यवहार करू नये. त्या पत्राची पोच घ्यायची आणि ती लेकरांच्या दाखल्यांबरोबर जपून ठेवायची.

यातून एका दिवसात काही बदलणार नाही, हे मला माहीत आहे. प्रश्न विचारणाऱ्या बाईला आधी घरातून बोलणी बसतात, मग गावातून. एकटीनं विचारू नका. अर्जावर नाव एकीचं असलं तरी अर्ज द्यायला पाचजणी जा. सुनावणीला दहाजणी जा. आक्का आत गेली तेव्हा बाहेर ओट्यावर तिच्या गटाच्या सातजणी बसून होत्या, म्हणून तिच्या तोंडातून शब्द फुटला.

आजी, तुम्ही विचारलंत, "ह्यात आमचं काय काम?" आपल्या नावानं कर्ज निघतं, आपल्या डोक्यावरची कळशी दाखवून निघतं, आणि आपल्या सहीनं खर्च होतं. हिशेब मागणं हे आपलंच काम आहे. आक्का आज इथं आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. ती कोणती, ते मी सांगणार नाही. पण जेवणाच्या वेळी एखादी बाई तुमच्याजवळ येऊन म्हणाली, "तुझ्या गावाचं पासबुक बघितलं का गं?" तर तिला खरं उत्तर द्या.